केळीची वंशावळ

आगाशीच्या काशिनाथ चुरी यांच्याजवळ दोन वह्या आहेत. पहिली जाड पुठ्ठ्याची, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून आलेली. दुसरी लांबट, लाल कापडी बांधणीची. पहिल्या वहीच्या एकतिसाव्या पानावर निळ्या शाईत एक वाक्य आहे : 'मुनव्यापासून लावलेली प्रत्येक केळ ही जवळजवळ मूळचीच केळ असते.' यातला 'जवळजवळ' हा शब्द काळ्या शाईने खोडलेला आहे. वाक्य आणि खोडाखोड यांच्यामध्ये किती काळ गेला असेल, हे शाईवरून ठरवता येत नाही. काशिनाथांना विचारले तर ते म्हणतात, "खोडला असेल मीच. दुसरं कोण खोडणार?"

गेल्या पन्नास वर्षांत वसई तालुक्यात विज्ञानाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या श्रद्धांची नोंद करण्याचे काम मी दोन वर्षे करत आहे. चुंबकाच्या पट्टीवर स्तोत्र कोरून घेणारे एक गृहस्थ मला भेटले. पाण्याला शब्द ऐकू येतात असे मानून हंड्याशी मृदू बोलणारे एक कुटुंब भेटले. अशा बहुतेक ठिकाणी विज्ञान हे श्रद्धेला चढवलेले इस्त्रीचे कपडे असते. श्रद्धा आधीचीच असते. काशिनाथांच्या बाबतीत क्रम उलटा होता. आधी प्रयोगशाळेत एक गोष्ट कळली आणि ती कळल्यामुळे एक माणूस पूर्वी मानत नव्हता असे काही मानू लागला. म्हणून त्यांची हकीकत मी सविस्तर लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९५१चा, बागायती घरातला. पानवेल, केळी, थोडी फुले. अकरावीनंतर १९७३ साली ते एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर म्हणून लागले. सूक्ष्मदर्शक पुसणे, काचपट्ट्या तयार करणे, बाटल्या उकळणे ही कामे त्यांनी छत्तीस वर्षे केली. विद्यार्थी काचपट्टी बिघडवत, ती काशिनाथ नीट करून देत. पेशीची भिंत कशी दिसते हे अनेकांना प्रथम त्यांनीच दाखवले असे जुने विद्यार्थी सांगतात.

त्यांच्या आठवणीप्रमाणे ती घटना १९८७च्या उन्हाळ्यातली. ऊतीसंवर्धनाची नवी पेटी विभागात आली होती आणि शिक्षिकाबाई तिच्यासमोर उभ्या राहून समजावत होत्या. आपण खातो त्या केळीत बी नसते, काळे ठिपके तेवढे उरले आहेत. ती बियांनी वाढत नाही. माणसाने एका बुंध्याचा मुनवा, म्हणजे बाजूला फुटणारा कोंब, काढून दुसरीकडे लावला, तिथला तिसरीकडे, असे हजारो वर्षे चालले आहे. तेव्हा तुमच्या परसातली केळ ही नवी केळ नव्हे, त्या पहिल्या केळीचाच तुकडा आहे, असे बाई म्हणाल्या. सुट्टीचे दिवस असल्याने ऐकायला तीनच जण होते. त्यांतले एक काशिनाथ आणि दुसरे चांदीपचे हिरामण, महाविद्यालयाच्या बागेचे माळी.

मी साठा-नोंदवही पाहिली. ती पेटी १९९४च्या एप्रिलमध्ये विभागात आली आहे. हे सांगितल्यावर काशिनाथ म्हणाले, "तू म्हणतेस तर चौऱ्याण्णव, बाय. पण उन्हाळा होता."

उन्हाळा होता, हे खरे निघाले. जुन्या मृत्यू-नोंदींत मी दुसरेच काही शोधत असताना एक ओळ सापडली : यशोदा नारायण चुरी, वय ६८, १९ एप्रिल १९९४. काशिनाथांच्या आई. मागच्या अंगणातले राजेळी जातीच्या केळीचे बेट यशोदाबाईंनी लग्न होऊन आल्यावर लावलेले होते, एवढे मला देवेशकडून, काशिनाथांच्या मुलाकडून, कळले. काशिनाथांनी आपल्या विचारांचा उगम मला सहा बैठकींत सांगितला. त्यांत आईचा उल्लेख एकदाही आला नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. केळीचे खोड घड देऊन मरते. जमिनीतला गड्डा मरत नाही. आपण खोड पाहतो आणि झाड मेले म्हणतो. माणसाच्या बाबतीतही आपण खोडालाच माणूस म्हणत असू. या विचारावर त्यांनी एक रीत उभी केली. घरात मृत्यू झाला की तेराव्या दिवशी काशिनाथांच्या बेटातला एक मुनवा न्यायचा, न्हाणीचे पाणी जाते तिथे लावायचा आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन रोज तांब्याभर पाणी घालायचे. ऑक्टोबरात राजेळीची सुकेळी, म्हणजे सुकवायची केळी, उन्हात घातली की सगळ्यांनी आगाशीला जमायचे आणि पहिले सुकेळे वाटून खायचे. या मंडळींना नाव नाही. आसपासचे लोक त्यांना 'केळवाले' म्हणतात. ती सतरा घरे आहेत. ही माणसे देवळातही जातात, श्राद्धही करतात.

लाल वहीत या मुनव्यांची वंशावळ आहे. कोणाच्या नावाने, कोणत्या बुंध्याचा, कोणत्या तारखेला, कोणत्या घरी, असे चार रकाने. एकूण त्रेचाळीस नोंदी. मी अनेक संस्थांची दप्तरे पाहिली आहेत. इतके स्वच्छ दप्तर क्वचित पाहिले.

मी त्यांना उघडच विचारले होते, "केळ एकच असते हे शास्त्र झालं. त्यावरून माणूस मरत नाही हे कसं निघतं?"

"निघत नाही."

"मग?"

"बाईंनी एवढंच दाखवलं, की ज्याला आपण एक म्हणतो त्याची हद्द आपल्याला ठाऊक नाही. तिथवर शास्त्र. पुढचं मी मानतो."

आपली श्रद्धा कुठे सुरू होते हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा माणूस मला या कामात दुसरा भेटलेला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्यांच्या अंगणात बसून लाल वहीची प्रत करत होते. कुंपणापलीकडून सिप्रियन यांचा आवाज आला. सिप्रियन हे काशिनाथांचे शेजारी आणि वर्गमित्र. त्यांची केळीची बाग काशिनाथांच्या बेटाला लागून आहे.

"काशिनाथ, तुझ्या देवाला बघायला डॉक्टरीण आणलीय."

"कुणाच्या देवाला? माझ्याकडे केळी आहेत."

"तेच म्हणतो. माझ्या केळी आजारी, तुझा देव आजारी. बाई, आधी देवाला बघा, तो जुना आहे."

डॉक्टरीण म्हणजे कृषी सहायक हेमाली. तिने बेटातल्या एका केळीची पाने उलटी धरून दाखवली. नवी पाने अरुंद होऊन टोकाशी झुबक्यासारखी उभी राहिली होती. देठावर गडद हिरव्या तुटक रेघा होत्या. पर्णगुच्छ, ती म्हणाली. विषाणूचा रोग. मग तिने थोड्या अंतरावरची, अगदी निरोगी दिसणारी केळ पाहिली आणि तिच्याही देठावर बोट ठेवले.

"काका, याला औषध नाही. मावा कीड तो शेजारच्या बागेपर्यंत नेते, पण दूरच्या गावी हा रोग मुनव्यातून जातो. वरून काही दिसत नाही आणि आत असतो. गेल्या तीन वर्षांत मुनवे कुणाला दिलेत?"

काशिनाथ वाकून ते देठ पाहू लागले.

"विचारा, विचारा," सिप्रियन म्हणाले. "नाताळातसुद्धा आमच्याकडून एवढ्या घरी फराळाची ताटं जात नाहीत."

"सिप्रियन, गप."

"गप कसा? अरे, तूच म्हणतोस ना, सगळ्या केळी एक? मग एकीला ताप आला की सगळ्यांना येणारच. हे तुझ्याच शास्त्रात आहे, माझ्या नाही." आणि मग त्यांचा सूर बदलला. "माझी चाळीस झाडं गेली, काशिनाथ. लोकांची जाऊ देऊ नकोस."

मुनवे कुठे गेले हे सांगणारी जगात एकच वस्तू होती, आणि ती माझ्या मांडीवर उघडी पडली होती. ती हेमालीला देणे माझ्या अधिकारातले नव्हते. मी वही मिटून काशिनाथांच्या हातात दिली. ते ती घेऊन आत गेले.

तीन दिवस त्यांनी वहीला हात लावला नाही. देवेश गोखिवऱ्याला खोकी बनवण्याच्या कारखान्यात काम करतो. त्याचे मत स्पष्ट होते.

"बाबा, मुकाट्याने आपलं बेट काढू. लोकांच्या झाडांना रोग आला तर येईल, त्यांना काय कळणार कुठून आला? तुम्ही दारोदार जाऊन सांगणार, तुमच्या माणसाच्या नावानं मी रोग देऊन गेलो म्हणून?"

"तसंच सांगावं लागेल."

"तीस वर्षं लोक तुम्हाला मानतात."

"मला कुठे? केळीला."

"तेच तर. ती उपटायला सांगणार ना?"

देवेशचा मुद्दा मला त्या वेळी वाटला त्यापेक्षा खोल होता. नाव राखण्याचा प्रश्न त्यात होताच, पण त्याखाली दुसरा होता. गड्डा मरत नाही, हा काशिनाथांच्या मांडणीचा पाया. हेमालीने दिलेल्या सूचना अशा होत्या : आधी मावा मारण्यासाठी फवारणी, दुसऱ्या दिवशी बुंधा गड्ड्यासकट खणून काढणे, गड्ड्याचे बारीक तुकडे करणे, एकही डोळा जिवंत राहू नये. काशिनाथांना सहा घरी जाऊन हे करायला सांगायचे होते.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. "वाच," ते म्हणाले. "बावीसच्या पावसाळ्यापासून."

मी वाचले. अडतीस ते त्रेचाळीस, सहा नोंदी. अडतिसावी : हिरामण, चांदीप, घरी पत्नी अनसूया.

आधी स्वतःचे बेट निघाले. पहार काशिनाथांनी हातात घेतली, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती चालेना, देवेशने घेतली. सिप्रियन कुंपण ओलांडून आले आणि कोणी न सांगता गड्डे फोडू लागले. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. यशोदाबाईंच्या बेटाच्या जागी गुडघाभर खड्डा राहिला.

पाच घरे दोन दिवसांत झाली. देवेशने कारखान्याचा टेम्पो मागून आणला आणि स्वतःच चालवला. हेमालीही बरोबर होती. विरारला कल्पेश नावाच्या तरुणाने दारातच अडवले. त्याच्या आईच्या नावाचा मुनवा सोसायटीच्या भिंतीलगत लावलेला होता.

"म्हणजे माझ्या आईला रोग झालाय, असं म्हणताय तुम्ही?"

"आईला नाही," काशिनाथ म्हणाले. "केळीला."

हे वाक्य मी त्याच क्षणी टिपून घेतले. आई आणि केळ यांत अशी रेघ त्यांनी तीस वर्षांत कधी ओढली नव्हती.

चांदीप शेवटी ठेवले होते. हिरामण हे त्यांचे पहिले श्रोते. १९९४च्या त्या दुपारी दोघे एकाच बाकावर बसले होते. अनसूयाबाईंना फोनवर सगळे कळले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या न्हाणीमागे उभ्या होत्या. केळीला हळदकुंकू वाहिले होते, बुंध्याशी कोयता टेकवून ठेवला होता. तीन वर्षे नवऱ्याच्या नावाने त्या जिला पाणी घालत होत्या, ती केळ त्यांनी स्वतः आमच्या हवाली करायला काढली होती.

"कापा," त्या म्हणाल्या. "सगल्यांची गेली, माझीच कशी ऱ्हायल?"

हेमालीने सवयीने देठ पाहिले. मग बुंधा पाहिला, वर लागलेला लहान फण्यांचा घड पाहिला आणि ती काशिनाथांकडे वळली. "काका, ही तर..."

काशिनाथांनी हात वर केला. हेमाली थांबली.

मला केळीच्या जाती ओळखता येत नाहीत, त्यामुळे काय झाले ते मला तेव्हा समजले नाही. आता सांगते. ती राजेळी नव्हती. वेलची होती. काशिनाथांच्या बेटाशी तिचा काही संबंध नव्हता, तिच्या देठावर एकही रेघ नव्हती, आणि ती कापायचे कारणही नव्हते. काशिनाथ गप्प राहिले असते तर एक निरोगी झाड विनाकारण गेले असते, पण अनसूयाबाईंचा हिरामण शेवटपर्यंत तिथेच होता असा समज कायम राहिला असता. त्यांनी तोंड उघडले तर झाड वाचणार होते, आणि तीन वर्षांचे पाणी भलत्याच झाडाला घातले असे ठरणार होते. दोन्हींतले एक त्यांनाच निवडायचे होते, आणि कोयता अनसूयाबाईंनी उचललाही होता.

"वहिनी, ठेवा तो," काशिनाथ म्हणाले. "हिला हात लावायचा नाही. ही माझ्या बेटातली नाही. वेलची आहे."

अनसूयाबाईंनी कोयता खाली ठेवला नाही.

"मना ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तुमची शेलीनं खाल्ली, चवथ्या महिन्यात. बुडासकट. वाटलं, हे दुसऱ्यांदा गेले. मंग शकूच्या परड्यातून ही आनली, कोनाला न सांगता." शकू म्हणजे त्यांची शेजारीण. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पन तुमाला कवा कललं? आत्ता?"

"नाही."

"मंग?"

"पहिल्या वर्षी आलो तेव्हा. घड यायच्या आधीच."

"आन् बोलले नाय?"

"तुम्ही पाणी घालत होता."

"अरे देवा!" अनसूयाबाईंनी कोयता जमिनीवर आपटला. "तीन वरसं मी चोरासारकी वागले. भाऊ येनार म्हटलं का मी पुढं उभी, पदर पसरून, घड दिसू नये म्हनून! गेल्या साली तर फनी कापून टाकली, कवली होती. आन् याना ठाऊक! हे असते ना," त्यांनी केळीकडे हात केला, "तर हसून मेले असते."

देवेश हसला. मग हेमाली, मग अनसूयाबाईही. काशिनाथ हसले नाहीत. अनसूयाबाई लगेच थांबल्या.

"मंग मी पानी कोनाला घातलं, भाऊ?"

"हिरामणला."

"ह्ये बसतं तुमच्या वहीत?"

"नाही बसत," ते म्हणाले.

"बरं," अनसूयाबाई म्हणाल्या. "मंग चा ठेवते."

चहा झाल्यावर निघताना काशिनाथांनी एक मागणी केली. त्यांना या वेलचीचा मुनवा हवा होता. हेमालीने साफ नकार दिला. आधी पानाचा नमुना तपासायला जाईल, आणि अहवाल चांगला आला तरी आगाशीच्या त्या जागेत सहा महिने केळ लावायची नाही. काशिनाथांनी मान डोलावली. अनसूयाबाई म्हणाल्या, "सहा महिने कुठं जात नाय ती."

ऑक्टोबरात सुकेळी झाली नाहीत. तरी सतरापैकी अकरा घरांतली माणसे आगाशीला आली. खड्ड्याच्या कडेला बसून त्यांनी सिप्रियन यांच्या घरची कॉफी घेतली. कल्पेश आला नाही. ही मंडळी टिकतील की पांगतील, याबद्दल माझ्याजवळ आज पुरावा नाही.

अहवाल निर्दोष आला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अनसूयाबाई स्वतः मुनवा घेऊन आल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तो लावून झाल्यावर काशिनाथांनी मला दोन्ही वह्या आणायला सांगितल्या. पहिल्या वहीचे एकतिसावे पान मी त्यांच्या देखत उघडले. माझी काही अपेक्षा होती, हे मान्य करते. त्यांनी ते पान पाहिले आणि उलटले. खोडलेला शब्द खोडलेलाच आहे.

लाल वहीत त्यांनी आधी अडतिसावी नोंद काढली. तिच्यातले काही खोडले नाही. समासात लिहिले : 'चौथ्या महिन्यानंतर वेलची', आणि खाली त्या दिवसाची तारीख. मग चव्वेचाळिसावी नोंद. कोणत्या बुंध्याचा : 'अनसूयाबाईंची वेलची, चांदीप.' तिच्यामागे : 'शकूचे परडे.' त्याच्यामागे : 'ठाऊक नाही.' या वहीत 'ठाऊक नाही' हे शब्द प्रथमच आले. घर : 'आगाशी, स्वतःचे.'

पहिला रकाना, कोणाच्या नावाने, त्यांनी रिकामा ठेवला होता. मी पेनाला टोपण लावणार तेवढ्यात त्यांनी ते परत मागून घेतले आणि तिथे सावकाश, एकेक अक्षर सुटे करून लिहिले : यशोदा नारायण चुरी.